कुलाब्याची वही आणि सूर्याचे वादळ

2026 हे वर्ष मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या द्विशताब्दीचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली ही वेधशाळा बांधली, ती ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील गलबतांना बिनचूक वेळ कळावी एवढ्यासाठी. 1841 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. दिवसरात्र ठरल्या वेळी एका लहान दुर्बिणीतून मापपट्टीवरील आकडा डोळ्यांनी वाचावयाचा आणि वहीत उतरवावयाचा, असे ते काम होते. त्यात कसलीही चमक नव्हती, आणि जो आकडा आज उतरविला त्याचे उद्या काय होणार हे उतरविणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या वहीची काही पाने आज निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ पुन्हापुन्हा तपासून पाहत आहेत, आणि तिच्यातून मिळणारा धडा वसई-विरारच्या वाचकांपुढे आजच ठेवावा असे आम्हांस वाटते.

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचा प्रसंग आम्ही सहसा येऊ देत नाही. येतो तेव्हा तो पाण्याचा असतो, गाड्यांतील जीवघेण्या गर्दीचा असतो, नाहीतर रस्त्यांचा असतो. आमच्या नगरीत ‘सूर्या’ हा शब्द उच्चारला की लोकांस धामणीचे धरण आणि नळाची वेळ आठवते; आकाशातला सूर्य आठवत नाही, आणि त्यात लोकांचा काही दोष नाही. तेव्हा पाण्याचा प्रश्न सुटला नसताना संपादकांस सूर्यावरील वादळे कोठून सुचली, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याला आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टींवर आपण आता दररोज विसंबून राहतो, म्हणजे खिशातील दूरध्वनीची दिशा दाखविणारी खूण, विमानाचे उतरणे, खोल समुद्रातील होडीचा ठावठिकाणा, विजेचे जाळे, त्या सर्वांची एक दोरी दूर सूर्यापाशी बांधलेली आहे. ती दोरी कधी ताणली जाणार हे आधी कळावे म्हणून जगातील शास्त्रज्ञ एकत्र आले आहेत. आपला देश त्या मंडळीत कोणत्या आसनावर बसणार, हा प्रश्न राजधानीतील दोन-चार खात्यांवर सोडून देण्याइतका क्षुल्लक नाही.

प्रथम त्या वहीची हकीकत. 1859 सालच्या सप्टेंबरच्या 1 तारखेस इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत बसले असता त्यांस डागांच्या समूहावर पांढऱ्याशुभ्र प्रकाशाची झळाळी दिसली. ती काही मिनिटेच टिकली. हॉजसन नावाच्या दुसऱ्या एका निरीक्षकानेही स्वतंत्रपणे तीच पाहिली, म्हणून तिच्याविषयी शंका उरली नाही. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवरील चुंबकसूच्या वेड्यासारख्या हलू लागल्या. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, आणि ध्रुवप्रदेशातच दिसावयाचा आकाशातील रंगीत प्रकाश कितीतरी दक्षिणेकडे उतरला. इंग्लंडमधील वेधशाळांत त्या काळी छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद करणारी नवी यंत्रे होती. वादळ इतके प्रचंड होते की यंत्रातील प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेर गेला आणि नेमक्या मोक्याच्या क्षणाची नोंद राहून गेली.

कुलाब्यास असे आधुनिक यंत्र नव्हते, होती ती डोळ्यांनी आकडा वाचणारी माणसे. मुंबईच्या घड्याळाप्रमाणे 2 सप्टेंबरच्या सकाळी दहाच्या सुमारास सूचीची चाल बिघडली, तेव्हा त्या माणसांनी तासातासाचा नेम सोडून काही मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू केले. दुपार होण्याच्या आत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे आडवे बळ सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी उतरले आणि पुन्हा वर आले. मुंबईस हे बळ एकंदर 37-38 हजार नॅनोटेस्ला असते हे लक्षात घेतले म्हणजे ही घट केवढी होती ते कळेल. सामान्य प्रतीच्या वादळात ते शेदीडशेने उतरते. हे आकडे रीतीप्रमाणे वार्षिक ग्रंथात छापले गेले आणि ग्रंथ कपाटात गेला.

तो खऱ्या अर्थाने उघडला गेला 2003 साली. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना व शोभना अलेक्स या चौघांनी मिळून कुलाब्याच्या आकड्यांवरून त्या वादळाचे बळ प्रथम मोजले. मानवाने यंत्रांनी नोंदलेले ते सर्वांत मोठे वादळ ठरले. पुढे काही शास्त्रज्ञांनी शंका घेतली की, कुलाब्याची ती घट संपूर्ण पृथ्वीची नसून काही अंशी स्थानिक असावी. मग 2022 साली जपानचे हिसाशी हयाकावा यांनी फिनलंडच्या आणि भारताच्या संशोधकांसह जुने वार्षिक ग्रंथ पुन्हा चाळले, चुंबकबळाचे तिन्ही घटक तपासले, आणि तासाची सरासरी धरली असता वादळाची तीव्रता साडेनऊशे नॅनोटेस्लांच्या आसपास येते असे दाखविले. आकड्यांचा हा वाद अजून मिटला आहे असे कोणी समजू नये. पण वाद घालावयास आधार एकच आहे, आणि तो कुलाब्याचा आहे. एका मुंबईकर वहीवर अमेरिका, ब्राझील, जपान, फिनलंड आणि भारत येथील माणसे डोके टेकवून बसली आहेत, ह्या दृश्याचे आम्हांस विलक्षण कौतुक वाटते.

या वेधशाळेचा आणि मराठी भाषेचा संबंधही जुना आहे. ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचे काम पाहिले होते. केरूनाना छत्रे तेथे दहा-अकरा वर्षे नोकरीस होते, आणि पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे ते हेच. आमच्या व्यवसायाचे आद्य पुरुष आणि आमच्या जुन्या व्यवसायाचे, म्हणजे मास्तरकीचे, एक आदर्श पुरुष असे दोघेही त्या दालनांत वावरले, हे आठवले म्हणजे विज्ञान ही परक्यांनी आणून ठेवलेली वस्तू आहे ही समजूत किती पोकळ आहे ते ध्यानात येते. 1896 साली नानाभॉय मूस हे वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरताच, त्या विजेच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडतील हे ओळखून 1904 साली चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविण्यात आली. तेथील इमारत लोखंडाचा स्पर्श टाळून पोरबंदरी दगडात बांधली. एवढेच नव्हे तर, जुन्या आणि नव्या ठिकाणच्या आकड्यांची सांधेजोड चुकू नये म्हणून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली. ज्या ट्रामने वेधशाळेस हुसकावले ती ट्राम 1964 साली मुंबईतून नाहीशी झाली. अलिबागेतील सूच्या आजही हलत आहेत.

आता वादळाचा प्रकार थोडा समजून घेतला पाहिजे. त्यावाचून अडचण कोठे आहे हे कळणार नाही. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा एक वारा सदोदित वाहत असतो. मधूनच सूर्याच्या प्रभामंडलातून द्रव्याचा एक अवाढव्य लोट सुटतो, आणि तो आपल्या पोटात सूर्याचे चुंबकत्व गुंडाळून घेऊन निघतो. लोट सुटला हे दुर्बिणीतून दिसते, त्याचा वेगही अंदाजता येतो, आणि एक ते तीन दिवसांत तो पृथ्वीजवळ पोहोचेल असे सांगता येते. पण तो येऊन काय करील हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. सारा खेळ त्याच्या पोटातील चुंबकत्वाच्या रोखावर आहे. रोख उत्तरेकडे असला तर पृथ्वीचे चुंबकीय कवच त्यास बाजूने वळवून देते. दक्षिणेकडे असला तर दोन्ही चुंबकत्वे एकमेकांत मिसळतात आणि कवच उघडते. आमच्या खाडीकाठच्या खारजमिनींच्या बांधांना उघाड्या असतात. उघाडी मिटलेली असेल तर उधाणाची भरती बांधावर आपटून परत जाते, आणि उघडी राहिली तर तेच पाणी रातोरात शेतात शिरते. पाणी तेवढेच असते, फरक पडतो तो दाराचा.

हे दार उघडे राहणार की बंद, हे कळण्याची आज एकच जागा आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरांवर, चंद्राच्या चौपट अंतरावर, असा एक बिंदू आहे की जेथे ठेवलेले यान सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीत तोल सांभाळून राहते. तेथे बसलेल्या यानावरून लोट गेला की त्याचा रोख मोजता येतो, आणि तो पृथ्वीवर आदळण्यास त्यानंतर अर्धा-पाऊण तास, फार तर एक तास लागतो. मिळणारी सूचना एवढ्याच मुदतीची असते. मुंबई लोकलने विरारहून चर्चगेटला जावयास जेवढा वेळ लागतो तेवढाही नव्हे.

या चौकीवर आजवर पहारा केला तो मुख्यतः अमेरिकेच्या आणि युरोपच्या यानांनी. 1995 साली गेलेले सोहो आणि 1997 साली गेलेले एस यांनी आपले ठरीव आयुष्य केव्हाच मागे टाकले. 2015 साली गेलेले डिस्कव्हर हे 2025 सालच्या जुलैत बिघडून मुके झाले, तेव्हा साऱ्या जगाची मदार पुन्हा त्या म्हाताऱ्या एसवर येऊन पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने नवे यान धाडले म्हणून बरे झाले. युरोपची व्हिजिल नावाची योजना सूर्याकडे एका बाजूने पाहण्याची आहे, पण तिचे उड्डाण 2031 सालचे आहे. इतक्या मोठ्या धोक्याचा पहारा इतक्या थोड्या डोळ्यांवर असावा, हे अखिल मानवजातीस भूषणावह नाही.

या पहाऱ्यावर भारताचाही डोळा आता लागला आहे. 2 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या वादळाच्याच तिथीस, आदित्य-एल1 यान श्रीहरिकोट्याहून निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी, म्हणजे ‘दर्पण’च्या वाढदिवशी, ते आपल्या जागी पोहोचले. हे दोन्ही योगायोग आहेत, आणि त्यांतून शुभशकुन काढण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. यानावरील सात उपकरणांपैकी अतिनील किरणांत सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकामध्ये सिद्ध झाली, याचा मराठी वाचकांस वाटणारा अभिमान मात्र रास्त आहे. यान पोहोचून चार महिने होतात न होतात तोच त्याची परीक्षा झाली. 10 मे 2024, अक्षय्यतृतीयेच्या रात्री साडेदहानंतर, गेल्या वीस वर्षांतील सर्वांत मोठे चुंबकीय वादळ पृथ्वीवर आले. लडाखमध्ये हान्ले येथील आकाश तांबूस झाले. वसईत कोणास काही जाणवले नाही. अमेरिकेत मात्र पेरणीच्या ऐन हंगामात, उपग्रहाच्या आधारे सरळ तास धरणारे शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर शेतांतून खोळंबून राहिले.

हे वादळ अंदाजापेक्षा इतके विचित्र का वागले, याचा शोध भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने लागला. आदित्य आणि अमेरिकेची सहा याने यांच्या नोंदी एकत्र मांडल्या असता असे आढळले की, एकापाठोपाठ सुटलेले लोट वाटेतच एकमेकांवर आदळले, त्यांच्या पोटातील चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळल्या, आणि ही घडामोड तेरा लाख किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या शंभरपट जागेत, चालली होती. एका यानास हे दिसणे शक्यच नव्हते. खाडीच्या एकाच धक्क्यावर उभे राहून साऱ्या भरतीचे माप घेता येत नाही, तसेच हे.

येथवर सारे गोड आहे. आमचा मुद्दा यापुढे आहे. वर सांगितलेले सहकार्य हे वादळ होऊन गेल्यानंतरचे सहकार्य आहे. शोधनिबंध लिहिण्यासाठी माहिती वर्षाने मिळाली तरी चालते. इशारा देण्यासाठी ती मिनिटांत मिळावी लागते. आदित्यची माहिती 2025 सालच्या जानेवारीत संशोधकांस खुली झाली, हे उत्तमच झाले. परंतु त्या यानाच्या सौरवाऱ्याच्या नोंदी क्षणाक्षणाला, अखंड, जगातील सर्व इशारा-केंद्रांस विनामूल्य मिळतील अशी व्यवस्था हे आपल्या सरकारचे ध्येय असले पाहिजे, आणि आदित्यच्या मागून जी याने जातील ती तर याच अटीवर बांधली गेली पाहिजेत. त्यासाठी चोवीस तास ऐकणारी ग्रहणकेंद्रे लागतील, आणि ती एका देशाच्या भूमीवर भागत नाहीत, कारण पृथ्वी फिरते. तेव्हा ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका येथील केंद्रांशी कायमचे करार करावे लागतील.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो आम्ही मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. आपण कोट्यवधी रुपये खर्चून मिळविलेली माहिती परक्यांस फुकट का द्यावी? या प्रश्नातील हिशेबीपणा आम्हांस कळतो, पण हिशेब अपुरा आहे. गेली तीस वर्षे आपल्या शास्त्रज्ञांनी सोहोची चित्रे आणि एसचे आकडे कोणतेही मूल्य न देता वापरले आहेत. आदित्यची कल्पना ज्यांना सुचली तेही त्याच चित्रांवर शिकले. घेताना ज्ञान हे सर्वांचे आणि देताना ते देशाचे, असा दुटप्पी हिशेब विद्येच्या व्यवहारात चालत नाही. 1957-58 साली आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष साजरे झाले तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते. तरीही दोघांनी जागतिक माहिती-केंद्रे उघडली आणि सूर्याच्या व चुंबकत्वाच्या नोंदींची अदलाबदल केली. 1967 सालच्या मे महिन्यात सूर्याच्या उद्रेकाने अमेरिकेची उत्तरेकडील रडारे आंधळी झाली आणि हे रशियाचे कृत्य असावे असा संशय क्षणभर बळावला. सूर्याकडे लक्ष ठेवून बसलेल्या काही अधिकाऱ्यांनी खरे कारण वेळेवर सांगितले म्हणून भलतेच अरिष्ट टळले. जी गोष्ट शत्रूंनी सांभाळली ती मित्रांस जड जाऊ नये.

शिवाय आपण देणारे म्हणून जे देऊ शकतो ते दुसऱ्या कोणाजवळ नाही. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जाते. तेथे वरच्या हवेतील विद्युतभारित थर, ज्यास आयनांबर म्हणतात, दिवसा कारंज्यासारखा उंच उसळतो आणि उत्तरेस व दक्षिणेस खाली उतरतो. त्या उतरत्या कारंज्याचा एक काठ महाराष्ट्र-गुजरातच्या आकाशात येतो. सूर्यास्तानंतर या थरात पोकळ्या निर्माण होतात आणि उपग्रहाची लहर त्यांतून येताना थरथरते. वादळाच्या दिवशी हे सारे आणखीच बिनसते. विमानांना वाट दाखविण्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या ‘गगन’ यंत्रणेस याच थराची दुरुस्ती सतत करून घ्यावी लागते. स्वीडनच्या किंवा कॅनडाच्या आकाशासाठी रचलेली गणिते येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. ती गणिते आम्हीच केली पाहिजेत, आणि ती केली तर आफ्रिका, ब्राझील, इंडोनेशिया अशा विषुववृत्ताजवळच्या सर्व देशांस उपयोगी पडतील.

असे असूनही, आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने 2019 सालच्या नोव्हेंबरात विमानांसाठी अंतराळ हवामानाच्या सूचना देणारी जागतिक केंद्रे सुरू केली तेव्हा त्यांत अमेरिका होती, युरोपीय देशांचा संघ होता, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स व जपान यांची जोडणी होती. पुढे चीन व रशिया यांची जोडी आली. दक्षिण आफ्रिकेने हर्मानस येथे 2022 साली अहोरात्र चालणारे केंद्र उघडून आपल्या खंडाची सोय केली. जगातील सर्वांत मोठ्या वादळाची नोंद ज्याच्या कपाटात आहे त्या भारताचे नाव त्या पहिल्या यादीत नव्हते. ही गोष्ट आम्हांस अपमानाची वाटत नाही, पण आळसाची वाटते. संशोधन करणाऱ्या आपल्या संस्था पुष्कळ आहेत आणि चांगल्या आहेत. पनवेलजवळ भूचुंबकत्व संस्था आहे, अहमदाबाद, बंगळूर, तिरुवनंतपुरम, कोलकाता येथे जाणकार मंडळी आहेत. उणीव आहे ती रात्री तीन वाजता जागा असणाऱ्या आणि इशारा द्यावयाचा की नाही याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा एका खुर्चीची. चक्रीवादळासाठी ती खुर्ची हवामान खात्यात आहे, आणि तिचे मोल कोकणच्या किनाऱ्यास ठाऊक आहे. तिच्या शेजारी दुसरी ठेवावी.

भयाचा अतिरेक करण्याची मात्र आमची इच्छा नाही. 13 मार्च 1989 रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, 2003 सालच्या ऑक्टोबरात स्वीडनमधील माल्मो शहराची वीज गेली; पण ती स्थळे ध्रुवाजवळची. आमच्या अक्षांशावर विजेच्या तारांना होणारा उपद्रव पुष्कळ कमी असतो. उद्या वादळ आले की तारापूरचे दिवे विझतील, अशी भाकिते करून दूरदर्शनचे पडदे रंगविणाऱ्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचे नाही. परंतु उपग्रह हे कोणत्याच अक्षांशावर राहत नाहीत. 2022 सालच्या फेब्रुवारीत अगदी मध्यम प्रतीच्या वादळाने वरची हवा फुगली आणि एका अमेरिकन कंपनीने नुकतेच सोडलेले 49 पैकी 38 उपग्रह गमावले. 1859 साली वसईत आगगाडीही आली नव्हती. ती पुढे पाच वर्षांनी आली. त्या सकाळी येथील शेतकऱ्याने बैल जुंपले, कोळ्याने जाळे टाकले, आणि जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठे चुंबकीय वादळ त्यांच्या डोक्यावरून निघून गेले. त्यांचे काहीच बिघडले नाही, कारण बिघडण्याजोगे त्यांच्याजवळ काही नव्हते. त्यांच्या पणतवंडांजवळ ते आहे.

सर्वांत आधी आहे ते आमच्या कोळी बांधवांजवळ. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या कोनशिलेच्या समारंभातच मासेमारी नौकांवर उपग्रहाधारित संदेशयंत्रे बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख नौकांची ही योजना आहे. वाढवणविषयी आमची आणि मच्छीमारांची मते आम्ही पूर्वी मांडली आहेत, ती येथे पुन्हा उगाळीत नाही. संदेशयंत्रांची योजना स्वतःपुरती चांगली आहे. अर्नाळ्याची, नायगावची, पाचूबंदरची, सातपाटीची नाव भूमी दिसेनाशी झाल्यावरही किनाऱ्याशी बोलू शकेल आणि संकटात हाक मारू शकेल, हे थोडे नाही. मात्र ज्या यंत्रावर माणसाने जीव टाकावयाचा ते कोणत्या वेळी दगा देईल हे त्याला आधी सांगणे हे यंत्र देणाऱ्याचे कर्तव्य आहे. जुने तांडेल तारे पाहून, पाण्याचा रंग पाहून, वजन सोडून तळ पाहून घरी येत. ही विद्या नव्या पोरांच्या हातून सुटत चालली आहे, आणि यंत्र आल्यावर ती आणखी सुटेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अलिबागच्या वेधशाळेभोवती चुंबकीय शांतता राखणारे क्षेत्र कायद्याने ठरवून द्यावे. 2024 सालच्या जानेवारीत अटल सेतू उघडल्यापासून अलिबाग मुंबईच्या दाराशी आले आहे, बंगले आणि त्यांच्या मागून लोखंड व वीज तेथेही येणार आहे. मूससाहेबांना एकदा मालिका घेऊन खाडीपलीकडे जाता आले; आता पलीकडे जावयास जागा उरलेली नाही. कुलाबा-अलिबागचे सर्व जुने ग्रंथ, पानन् पान, छायाचित्रित करून कोणासही विनामूल्य पाहता येतील असे ठेवावेत, आणि द्विशताब्दीचा निधी मंडप व हारतुरे यांऐवजी त्या कामी लावावा. आदित्यच्या सौरवाऱ्याच्या नोंदी तत्काळ जगास देण्याचा आणि त्या बदल्यात विमान संघटनेच्या केंद्रांत भारताची जागा मागण्याचा निर्णय केंद्र सरकारने घ्यावा. आणि नौकांवरील यंत्रांवर ज्या दिवशी चक्रीवादळाचा इशारा जातो त्याच वाटेने सूर्याच्या वादळाचाही इशारा जावा: यंत्रावर दिसणारी जागा आज रात्री चुकू शकते, होकायंत्र जवळ ठेवा, किनाऱ्यापासून फार लांब जाऊ नका. तो इशारा इंग्रजीत नको आणि शास्त्रज्ञांच्या भाषेतही नको. अर्नाळ्याच्या बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला एकदा ऐकून समजेल अशा मराठीत तो असावा. त्याचा मसुदा करून देण्याचे काम कोणी आमच्याकडे सोपविले तर आम्ही ते आनंदाने करू.